भिजलेल्या लोकरीला ऊब नसते

डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने पुणे-नगर पट्ट्यात शेकडो मेंढ्या उघड्या रानातच दगावल्या. अंगावर लोकर असताना?

ऊब लोकरीची नसतेच मुळी. ती धाग्यांत अडकलेल्या हवेची. तिथे पाणी शिरलं की संपलं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यात वारा सुटला, तर सुकणारं एकेक ग्रॅम पाणी ५८०च्या आसपास कॅलरी शोषतं, त्यातली बरीचशी अंगातलीच. नुकती कातरलेली मेंढी आणि कोवळं कोकरू आधी गळाठतं.

वाड्यावर ताडपत्री हवी, खाली कोरडं. खायला भरपूर कडबा. तो पोटात आंबताना शेगडीसारखी ऊब देतो. भिजलेलं कोकरू मात्र आधी पोत्याने खसखसून पुसावं, शेकोटी नंतर.