तारा मुलीच्या, पैसे आईचे: मग तुमचा ग्राहक नक्की कोण?

व्हिडिओत हा किस्सा घाईत सांगितला होता, इथे नीट सांगतो.

माझी भाची अकरावीत आहे. दात थोडे पुढे आलेले, तारा लावायच्या ठरल्या. पूर्वी आपले नेहमीचे दाताचे डॉक्टर एक नाव लिहून द्यायचे, आपण मुकाट्याने तिथे जायचो. नाव आताही मिळतं, पण ते आधी मोबाईलवर तपासलं जातं. आणि तपासणारी असते सोळा वर्षांची!

मी शेजारी बसून बघत होतो. (धंद्याची खोड, दुसरं काय!) तिने सुरुवात गुगलवर केलीच नाही. आधी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं, "कोणाकडे लावल्या? दुखतं का?" तिथून आलेली नावं इन्स्टाग्रामवर शोधली. मग गुगल मॅप्स. तिथेही पाच स्टारवाले रिव्ह्यू सोडून आधी एक-दोन स्टारवाले वाचले. एका क्लिनिकवर फुली मारत म्हणाली, "मामा, एकाच आठवड्यात वीस जणांनी 'बेस्ट डॉक्टर' लिहिलंय. विकतचे आहेत." रिव्ह्यू विकत घ्यायचा विचार करत असाल तर हे वाक्य लक्षात ठेवा.

उरलेल्या तीन क्लिनिकना तिने एकच मेसेज टाकला: तारा लावल्यावर बासरी वाजवता येते का? एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याकडून "अपॉइंटमेंट घ्या" आलं. तिसऱ्याने लिहिलं की सुरुवातीला फुंक नीट बसणार नाही, ओठाला टोचलं तर वॅक्स लावायचं, हळूहळू सवय होते. परीक्षा किंवा कार्यक्रम जवळ असेल तर तारीख आधी सांग. चार ओळी. तिच्यापुरता निर्णय झाला.

पण पैसे देणार कोण? ताई. तिला बासरीशी घेणंदेणं नव्हतं. तिचे प्रश्न वेगळेच. डॉक्टर बीडीएस की ऑर्थोडॉन्टिक्समधले एमडीएस? (बीडीएसनंतर तीन वर्षांचा तो वेगळा अभ्यासक्रम असतो.) हप्ते आहेत का? तारा काढल्यावर दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रिटेनर लावावा लागतो, त्याचे पैसे धरलेत का? आणि तिचा सगळ्यात मोठा प्रश्न: दीड-दोन वर्षं उपचार चालणार, तोवर हे डॉक्टर इथेच असतील ना?

हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची कंपनी घरपोच अलायनर विकायची. दातांचा साचा लोक घरीच घेऊन पाठवायचे. जाहिरात जोरदार, भाव कमी. 2023 च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद पडली. कित्येकांचे उपचार अर्धवट राहिले, आजीवन हमी गेली, आणि हप्ते भरत राहा असं मात्र सांगितलं गेलं!

आता तुमच्या धंद्याकडे या. कोचिंग क्लास, डान्स क्लास, चष्म्याचं दुकान, सायकलचं दुकान... निवडतं पोर, पैसे देतात आईवडील. बहुतेक जण यातल्या एकाशीच बोलतात. क्लासवाले पालकांना टक्के सांगतात, पोराला शिक्षक कसे शिकवतात ते दिसतच नाही. डान्सवाले भारी रील टाकतात, पण फी, वेळ, बॅच सुटल्यावर मुलीला घ्यायला कुठे यायचं, हे आईला फोन करून विचारावं लागतं. आणि फोन उचलला नाही की संपलं.

खर्च काही नाही, एक संध्याकाळ लागेल. मागच्या महिन्यातले व्हॉट्सॲप मेसेज उघडा. मुलांनी विचारलेले प्रश्न एका कागदावर, पालकांचे दुसऱ्यावर. दोन्हींची उत्तरं खरीखुरी लिहा, दुखणार असेल तर दुखेल म्हणूनच लिहा, आणि प्रोफाइलवर वर दिसतील अशी ठेवा. मुलांचे फोटो टाकायचे असतील तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या. पोरगी "चालेल" म्हणाली, तेवढ्यावर जाऊ नका.

तारा गेल्या महिन्यात लागल्या. पहिले चार दिवस वरणभात आणि मऊ खिचडी. बासरीतून अजून नुसती हवा येते, पण हे तिला आधीच माहीत होतं, त्यामुळे डॉक्टरांवर राग नाही. उलट वर्गातल्या दोघींना तिने तेच नाव पाठवलंय.