अंगणातली जीप

जुन्या विलीज घडणीच्या जीपचं चाक पहिल्यांदा खोलणारा माणूस डाव्या बाजूला हमखास अडतो. उजवीकडचे नट नेहमीच्या पद्धतीने सुटतात. डावीकडचे मात्र तसेच फिरवले की आणखी आवळतात, कारण त्यांचे आटे उलटे असतात. पुढे धावणाऱ्या चाकाचा नट आपोआप ढिला पडू नये म्हणून केलेली ही सोय. ठाऊक नसेल तर माणूस पान्याला पाईप लावतो, अंगचा जोर लावतो आणि स्टड तोडून बसतो. ठाऊक असेल तर पाच मिनिटांचं काम. या गाडीचं घरी होणारं जवळजवळ प्रत्येक काम असंच आहे. ताकद कमी लागते, ओळख जास्त लागते.

ही गाडी युद्धासाठी घडली. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बांधल्या. एकीचे बहुतेक भाग दुसरीला बसत, त्यामुळे दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी रणांगणावरच उभी करता येई. १९४७ मध्ये महिंद्रांनी मुंबईत सुटे भाग आणून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. आपल्याकडे सर्वात जास्त ओळखीची झाली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. त्या उंचीचं कारण इंजिनात आहे. आधीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असत. नव्या ‘हरिकेन’मध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट खालीच राहिला. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेटही उचलावं लागलं.

नगर जिल्ह्यात या गाडीला माणसं मिळाली, त्यामागे दोन परंपरा आहेत. एक लष्कराची. १९४८ पासून चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, लष्करी वाहनांचं संशोधन आणि चाचणी करणारी व्हीआरडीई संस्था इथे आहे, आणि १९९४ पासून रणगाडा संग्रहालयही आहे. दुसरी उसाची. लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि मग जिल्हाभर साखर कारखाने पसरले. या उसाच्या शिवारात जिथे डांबर पोचलं नव्हतं तिथे जीप पोचायची, पुढे काळीपिवळी होऊन माणसं वाहायची. त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायला न घाबरणारे मिस्त्री इथे तालुक्याच्या गावीही भेटतात. रणगाड्यांचं कौतुक करायला लोक लांबून येतात आणि ते योग्यच आहे. या मिस्त्र्यांच्या हातातली माहितीही तेवढ्याच मोलाची आहे, असं मला वाटतं.

जिल्ह्याची जमीन मात्र गाडीची परीक्षा घेते, आणि दोन टोकांना वेगवेगळी. शेवगाव-पाथर्डीकडची काळी माती ओली झाली की ब्रेकच्या ड्रमवर थापली जाते, चाकाच्या कमानीत भरते आणि वाळली की स्प्रिंगच्या पाट्यांच्या बुशांत दगडासारखी बसते. अकोल्याकडे, भंडारदरा-घाटघरच्या पावसात, प्रश्न पाण्याचा. ओढा ओलांडला की अ‍ॅक्सलचं गरम हौसिंग एकदम गार पडतं आणि आतली हवा आकसून जीर्ण सीलमधून पाणी ओढून घेते. दोन दिवसांनी लेव्हलचा प्लग खोलून बोट घालावं. ऑइल दुधाळ दिसलं तर ते काढून नवं भरावं, पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नये. एवढ्या एका सवयीने क्राऊन-पिनियन वाचतात, आणि मोडल्यावर सगळ्यात महाग पडतात तेही तेच.

ग्रीस हा या गाडीचा खरा आहार. पाट्यांचे शॅकल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, टायरॉडची टोकं आणि पुढच्या क्रॉसमेंबरवरचा बेलक्रँक यांचे निपल पुसून, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची. निपल न पुसता गन लावली तर ग्रीसच माती आत ढकलतं. स्टिअरिंग लटपटतं म्हणून लोक आधी चाकं बॅलन्स करायला धावतात. दोष बहुतेक वेळा किंगपिनच्या बेअरिंगमध्ये किंवा या बेलक्रँकमध्ये असतो. पुढचं चाक जॅकवर उचलावं, वर-खाली धरून हलवावं आणि दुसऱ्या माणसाने खाली वाकून नेमकं काय हलतंय ते पाहावं. जॅकखेरीज उपकरण लागत नाही, दोन माणसं लागतात.

ब्रेकच्या बाबतीत मी कठोर आहे. मास्टर सिलिंडर पायाखाली, फ्लोअरच्या पत्र्याखाली असतो, म्हणून तो विसरला जातो. सर्किट एकच. एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही ब्रेक गेले. घरी आणलेल्या जीपचं पहिलं काम ब्रेकचं, दुसरं स्टिअरिंगचं, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी. लोक उलट क्रमाने जातात आणि चकचकीत पण न थांबणारी गाडी रस्त्यावर आणतात. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तेव्हा ती उतरवल्याशिवाय तिथे वेल्डिंग करू देऊ नये, मिस्त्री कितीही भरवसा देवो.

इंजिन मात्र प्रेमळ आहे. २१९९ सीसी, बोअर ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११. पिस्टनची धाव लांब असल्याने कमी फेऱ्यांतच ओढ येते. लो गिअरमध्ये ही गाडी चढावर माणसाच्या चालीने, न तडफडता चढते. फायरिंगचा क्रम १-३-४-२. पॉइंट घासून फिलर गेजने गॅप नीट लावली की निम्मी तक्रार मिटते. फोर बाय फोर फक्त चिखलात किंवा सैल जमिनीवर लावायचं. पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फरक सामावणारं काहीच नसल्याने डांबरावर वळताना ट्रान्सफर केस ताणला जातो आणि लीव्हर निघता निघत नाही.

आता एक नवी गोष्ट. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे, आणि त्यातलं काही याच जिल्ह्याच्या उसाचं. शेतकऱ्याच्या हिताचं असेल, पण जुने रबरी पाईप आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने फुगतात, चिरतात. ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, कारण इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि पाणी तळाशी बसतं.

पेट्रोल परवडत नाही म्हणून भंगारातलं डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा जुनी आहे. मूळ घडणीत मनाजोगे बदल केलेली गाडी कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. इंजिन बदलायचंच असेल तर परवानगी आधी काढावी. जीप विकत घेणाऱ्याने इथल्या एमएच-१६ किंवा १७ च्या पाटीवर भाळण्याआधी आरसी बुक हातात घ्यावं, चेसिसवरचा गंज वायर ब्रशने घासावा आणि नंबर एकेक आकडा जुळवून पाहावा. नंबर जुळला तरच सौद्याचं बोलावं.