डाख न देतां विजेच्या तारांचा पक्का जोड

तुटलेली तार जोडणें हें काम वरवर पाहतां अगदीं सोपें वाटतें. दोन टोकें सोलावीं, त्यांना एकमेकांभोंवतीं पीळ द्यावा, वर काळी पट्टी गुंडाळावी. दिवा लागला किंवा पंप फिरूं लागला कीं काम झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु दिवा लागणें ही जोडाची परीक्षा नव्हे. वाईट जोडावरही दिवा लागतो, आणि कांहीं दिवस तो चांगला जळतोही. पक्का जोड कोणता व कच्चा कोणता, हें त्या दिवशीं कळत नाहीं. तें पहिल्या मोठ्या पावसांत, किंवा पंप चार तास सतत चालल्यावर कळतें. म्हणून जोड करण्यापूर्वीं जोड म्हणजे काय, हें समजून घेणें अवश्य आहे.

गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर भागांत, सती नदीच्या कांठीं कुरखेडा हें तालुक्याचें गांव आहे. पूर्वींच्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग वनांनीं व्यापलेला आहे. अशा मुलखांत गांवें विरळ, अंतरें लांब, आणि तारेवर झाडाची फांदी पडण्याचे प्रसंग नित्याचे. शेत धानाचें, रोवणीच्या दिवसांत बांध्यांतून गुडघाभर चिखल असतो, आणि विहिरीवरील किंवा नाल्यावरील पंपाची तार धुऱ्याधुऱ्यानें नेलेली असते. नांगराच्या फाळानें, उंदराच्या दातानें किंवा उन्हापावसानें ती कोठें तरी तुटते. पऱ्हे वाळूं लागलेले असतात, जाणता तारतंत्री दुसऱ्या गांवीं असतो, आणि शेतकरी स्वतःच पक्कड हातीं घेतो. त्याची घाई रास्त आहे; परंतु ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला विजेची चूक क्षमा करीत नाहीं. त्वचा ओली असतां शरीराचा रोध हजार ओमच्या आसपास उतरूं शकतो. मग २३० व्होल्टच्या तारेचा स्पर्श झाल्यास शरीरांतून सुमारें २३० मिलिअँपियर प्रवाह जातो. हृदयाची क्रिया बिघडविण्यास याच्या एका लहानशा अंशाइतका प्रवाहही पुरेसा असतो.

यासाठीं पहिली मर्यादा स्पष्ट असावी. खांबावरील तार आणि खांबापासून मीटरपर्यंत येणारी तार हें वीज मंडळाचें, म्हणजे आतांच्या महावितरणचें काम होय. ती तुटून खालीं पडली असेल तर तिला काठीनेंही स्पर्श करूं नये. ओली काठी ही काठी नसून वाहकच असते. माणसें व गुरें दूर ठेवावींत व वीज कचेरीला कळवावें. पुढें जें सांगितलें आहे, तें मीटरच्या अलीकडील, म्हणजे घरांतल्या व शेतांतल्या तारांपुरतेंच आहे. आणि तेथेंही नवीन मांडणी व कायमची दुरुस्ती परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घेणें योग्य.

आतां जोडाचें मर्म पाहूं. दोन तारा एकमेकींवर टेकविल्या म्हणजे त्या सर्वत्र भिडल्या असें डोळ्यांना दिसतें. वास्तविक धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मतः खडबडीत असतो, आणि दोन पृष्ठभाग कांहीं थोड्या उंचवट्यांवरच एकमेकांस भिडतात. सगळा प्रवाह त्या थोड्या बिंदूंतून जातो. त्यांत धातूवर गंजाचा किंवा मळाचा थर असेल तर हे बिंदू आणखी कमी होतात. तारा घट्ट दाबल्या म्हणजे उंचवटे चेपतात, थर फुटतो, आणि धातूशीं धातू भिडते. म्हणून पक्क्या जोडाचीं लक्षणें दोनच: स्वच्छ धातू आणि टिकणारा दाब. वरची पट्टी जोडाला ताकद देत नाहीं. ती फक्त त्याला झांकते.

हिशेब करून पाहिला तर हें अधिक स्पष्ट होतें. तीन अश्वशक्तीचा एकफेजी पंप सुमारें १५ अँपियर प्रवाह घेतो. चांगल्या जोडाचा रोध दोन हजारांश ओम धरला, तर तेथें अर्धा वॅटही उष्णता निर्माण होत नाहीं. सैल जोडाचा रोध दोन दशांश ओम झाला, तर त्याच प्रवाहानें तेथें ४५ वॅट उष्णता उत्पन्न होते. डाख देण्याचें विजेचें लहान हत्यार बहुधा २५ ते ४० वॅटचें असतें. तेवढा ताप बोटाच्या पेराएवढ्या जागेंत, काळ्या पट्टीच्या आंत, तासन्‌तास कोंडला जातो. तारेवरील साधें पीव्हीसीचें आवरण सत्तर अंशांच्या पुढें सतत तापविण्याजोगें नसतें. तें मऊ होतें, काळवंडतें, शेवटीं जळतें. इतकें होऊनही पंपाला मिळणाऱ्या २३० व्होल्टांपैकीं फक्त तीन व्होल्ट कमी झालेले असतात, आणि पंपाच्या चालण्यांत कांहींच फरक दिसत नाहीं.

येथेंच एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. फ्यूज आहे, तेव्हां भय नाहीं, असें लोक मानतात. फ्यूज वितळतो तो प्रवाह वाढला म्हणजे. सैल जोडांत प्रवाह वाढत नाहीं. उलट किंचित् कमीच होतो. म्हणून सैल जोड घराला आग लावीपर्यंत तापला तरी फ्यूज शांत राहतो. जोडाचा रक्षक फ्यूज नव्हे. जोड करणाराचा हात होय.

डाख न देतां केलेला जोड दुय्यम प्रतीचा, ही समजूतही खरी नाहीं. कथील व शिसें यांचा नेहमींचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळूं लागतो. जोड फार तापला तर डाखच ढिला पडतो. शिवाय मऊ तारेच्या टोकाला डाख देऊन तें स्क्रूखालीं दाबलें, तर डाख दाबाखालीं हळूहळू सरकतो व स्क्रू सैल होतो. शेताच्या धुऱ्यावर, वीज गेलेली असतां, डाखाचें विजेचें हत्यार तापविणें तर अशक्यच. जेथें जोडाची बळकटी धातूच्या दाबावरच साधतां येते, तेथें डाखाची गरज राहत नाहीं.

ही विद्या तारायंत्राच्या काळापासूनची आहे. हिंदुस्थानांत कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्यामधील तारेची ओळ १८५१ सालीं सुरू झाली, आणि पुढील चारपांच वर्षांत आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें जोडलीं गेलीं. शेंकडों मैल हवेंत ताणलेली तार तुटली म्हणजे तिचा जोड ओढ सहन करणारा असावा लागे. अमेरिकेंतील वेस्टर्न युनियन या तार कंपनीच्या नांवानें ओळखला जाणारा पिळाचा जोड याच गरजेंतून रूढ झाला. त्याची खुबी अशी कीं तार जितकी ओढावी तितके त्याचे वेढे अधिक आवळतात. भारतांतील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली. तो जोड मात्र अजून शिकविला जातो.

तो करण्याची रीत अशी. प्रथम वीज बंद करावी. आणि केवळ खटका दाबून थांबूं नये. फ्यूज काढून तो आपल्या खिशांत ठेवावा, म्हणजे दुसरा कोणी नकळत वीज चालू करणार नाहीं. शेतीच्या पंपांना अनेक ठिकाणीं वीज ठरलेल्या तासांच्या पाळीनें मिळते. पाळी नाहीं म्हणून तार मेलेली आहे, असें समजून काम करणें हें प्राणघातक होय. पाळी बदलते, वीज अवचित येते, आणि आपोआप चालू होणारा पेटीचा खटका असेल तर पंपही सुरू होतो. फ्यूज काढल्यावर टेस्टरनें प्रत्येक तार तपासावी. आणि तो टेस्टर चालतो कीं नाहीं, हें चालू तारेवर आधीं पाहून घ्यावें.

मग दोन्ही टोकांचें आवरण सात-आठ सेंटीमीटर सोलावें. सोलतांना सुरी आडवी दाबूं नये. पेन्सिलीला टोक करतांना धरतात तशी तिरकी धरावी. धातूवर खांच पडली कीं तार तेथेंच पुढें मोडते. उघडें तांबें पॉलिश कागदानें लख्ख चमकेपर्यंत घांसावें. दोन्ही टोकें मध्यावर फुलीसारखीं एकमेकींवर ठेवून त्यांना एकदोन सैल, लांबट पीळ द्यावेत. नंतर एका तारेचें उरलेलें टोक दुसरीच्या सरळ अंगाभोंवतीं पकडीनें पांचसहा वेळां अगदीं चिकटून, वेढ्याला वेढा लागेल असें गुंडाळावें. दुसऱ्या टोकाचें उलट दिशेला तसेंच करावें. उरलेलीं टोकें कापून पकडीनें चेपावीं, म्हणजे तीं पट्टींतून वर येत नाहींत. तयार जोड ओढून पाहावा. वेढे हलले तर जोड फुकट गेला असें समजून पुन्हां करावा.

हा जोड एकेरी, टणक तांब्याच्या तारेसाठीं आहे. बारीक अनेक पदरांच्या मऊ तारेला तो शोभत नाहीं. तिचे पदर वेढ्याखालीं सरकतात. तेथें स्क्रूचा कनेक्टर वापरावा. पदर नीट पिळून, एकही पदर बाहेर न ठेवतां टोक आंत घालावें व दोन्ही स्क्रू घट्ट आवळावे. याहून चांगली रीत म्हणजे दाबून बसविण्याची नळी: तारांचीं टोकें तांब्याच्या नळींत घालून ती खास पकडीनें चेपतात. अमेरिकेंत १९४१ सालीं स्थापन झालेल्या एएमपी या कंपनीनें विमानें व जहाजें यांच्या तारांसाठीं अशीं बिनडाखाचीं टोकें पुरविलीं. साध्या पकडीनें नळी चपटी करणें म्हणजे चेपणें नव्हे. नळीच्या मापाचें हत्यारच पाहिजे. घराच्या भिंतींतील नळीच्या आंत तर कोणताच जोड असूं नये; तो पेटींत, उघडून पाहतां येईल असाच असावा.

खेड्यांत सर्वांत अधिक जोड बिघडतात ते तांबें आणि ॲल्युमिनियम एकत्र आल्यामुळें. पंपाची केबल तांब्याची, आणि धुऱ्यावरची तार स्वस्त म्हणून ॲल्युमिनियमची. दोन्ही सरळ पिळून टाकतात. ॲल्युमिनियमवर हवेनें क्षणांत एक कठीण थर चढतो, जो वीज वाहूं देत नाहीं. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षां अधिक फुगतें, आणि दाबाखालीं हळूहळू पसरतें. म्हणून आज घट्ट असलेला पीळ महिन्यानें सैल होतो. त्यांत पावसाचें पाणी शिरलें कीं दोन भिन्न धातूंची जणू लहानशी बॅटरीच तयार होते, आणि ॲल्युमिनियम झिजूं लागतें. या दोन धातूंचा पीळ कधींही देऊं नये. दोन्ही धातूंसाठीं बनविलेला कनेक्टर घ्यावा, ॲल्युमिनियम घांसून लगेच त्यावर गंजरोधक लेप लावावा, आणि दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं वीज बंद करून स्क्रू आवळून पाहावे.

जोड झाल्यावर झांकणें येतें. पट्टी ताणून, प्रत्येक वेढा मागल्या वेढ्याच्या निम्म्यावर बसेल अशी, दोन्हीकडील शाबूत आवरणावर तीनचार सेंटीमीटर जाईपर्यंत गुंडाळावी. एकदां जाऊन परत यावें. केबलींत तीन तारा असतील तर तिन्ही जोड एकाच जागीं न आणतां पुढेंमागें करावे, म्हणजे पट्टी फाटली तरी ते एकमेकांस भिडत नाहींत. साधी पीव्हीसीची पट्टी पाणी अडवीत नाहीं. पाण्यांतील पंपाच्या जोडाला आपसांत चिकटून एकजीव होणारी रबरी पट्टी, किंवा तापवून आवळणारी आंत गोंद असलेली नळी लागते. धुऱ्यावरील जोड चिखलांत न ठेवतां खुंटावर उंच बांधावा. आणि तारेची ओढ जोडावर न येतां खुंटावर यावी.

दिवाळीनंतर झाडीपट्टींत मंडईचे व नाटकांचे दिवस येतात. वडसा येथील नाटक मंडळ्या गांवोगांव जातात, रात्रभर प्रयोग चालतो, आणि त्यासाठीं तारा एका दिवसापुरत्या ओढल्या जातात. तात्पुरतें काम म्हणून येथें जोड सर्वांत कच्चे असतात, आणि येथेंच भार जड, दंव ओलें, व पायाखालीं लहान मुलें असतात. जोड तात्पुरता असला तरी वीज तात्पुरती नसते. अशा मांडणीवर ३० मिलिअँपियरला तुटणारा गळतीरक्षक खटका बसविणें हें मंडपाच्या खर्चांतील सर्वांत स्वस्त शहाणपण होय.

आणि ज्याला लोक आकडा म्हणतात, तो तर जोडच नव्हे. तारेवर टाकलेल्या आंकड्यांत स्वच्छ धातू नाहीं, दाब नाहीं. तो वाऱ्यानें हलतो, ठिणग्या पाडतो, आणि गुन्हा तर आहेच. अशाच चोरीच्या तारा रानडुकरांसाठीं शेताभोंवतीं सोडल्यामुळें चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांत वाघांचे तसेच माणसांचेही प्राण गेले आहेत.

शेवटीं परीक्षा. वीज चालू करून पंप एक तास चालवावा; मग वीज बंद करून, फ्यूज काढून, टेस्टरनें खात्री करून जोडावर हाताची मागची बाजू ठेवावी. जोड शेजारच्या तारेइतकाच कोमट असेल तर तो पक्का. त्याहून अधिक गरम असेल तर पट्टी सोडावी, काळा पडलेला भाग कापून टाकावा, आणि नव्यानें सुरुवात करावी. यास अर्धा तास लागतो. रोवणीच्या घाईंत तो जड वाटतो. पण जोड पट्टीआड गेल्यावर त्याची काळजी घेण्याची दुसरी वेळ सहसा मिळत नाहीं.