वजनातून काय वजा झाले?

शाळकरी मुलांसाठी लॅपटॉप घेताना पालक आधी किंमत पाहतात आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र जो लॅपटॉप रोज घराबाहेर पडणार आहे, त्याच्या बाबतीत हा प्रश्न किमतीइतकाच दप्तराचाही असतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, आणि नववी-दहावीसाठी हे वजन अडीच ते साडेचार किलोंच्या दरम्यान असावे, असे सांगितलेले आहे. ४५ किलो वजनाच्या मुलीच्या वाट्याला या हिशेबाने साडेचार किलो येतात. त्यांतून १.४ किलोचा लॅपटॉप, तीनशे ग्रॅमचा चार्जर आणि दोनशे ग्रॅमचे कव्हर गेले, लिटरभर पाण्याची बाटली व डबा यांचे दीड किलो गेले, की १.१ किलो उरतो आणि रिकाम्या दप्तराचे स्वतःचे वजनही त्यातच बसवायचे असते. वह्या-पुस्तकांना मग किती जागा राहते, हे वेगळे सांगायला नको.

जाहिरातीतील आकडाही जपूनच वाचावा लागतो. वजनाच्या पुढे बारीक अक्षरांत ‘पासून’ असे छापलेले असेल, तर तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या प्रकाराचा असतो, आणि चार्जर त्यात जवळजवळ कधीच धरलेला नसतो. साधारणपणे १४ इंची पडद्याचे लॅपटॉप १.३ ते १.६ किलोंच्या, तर १५.६ इंची पडद्याचे १.६ ते १.९ किलोंच्या आसपास असतात. ‘गेमिंग’ या नावाखाली विकली जाणारी यंत्रे दोन किलोंच्या पुढे जातात आणि त्यांचा चार्जरच अर्ध्या किलोच्या घरात असतो; अभ्यासासाठी तेच हवे, असा मुलांचा कितीही आग्रह असला तरी ती दप्तरात नेण्याची वस्तू नव्हे.

हलकेपणा मात्र आपोआप येत नाही. तो कशाच्या तरी बदल्यात मिळवलेला असतो. ‘अॅपल’ने २००८ मध्ये पहिला मॅकबुक एअर आणला तेव्हा त्याचे वजन १.३६ किलो होते, आणि त्यासाठी डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकला होता, बॅटरी ग्राहकाला बदलता येणार नाही अशी आत बसवली होती आणि यूएसबीचे एकच तोंड ठेवले होते. महागड्या यंत्रात या तडजोडीची काही भरपाई दर्जेदार धातूच्या व सुट्या भागांच्या रूपाने होते. स्वस्त यंत्रात तीच काटकसर बॅटरी, साठवण किंवा पडदा यांपैकी कशात तरी केलेली असते, आणि ती नेमकी कोठे केली आहे हे शोधणे म्हणजेच लॅपटॉपची निवड, असे म्हणता येईल.

मुलांसाठी हलके यंत्र तयार करण्याचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्राने जवळून पाहिलेला आहे. एमआयटी मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, आणि त्यातून तयार झालेल्या ‘एक्सओ’ या यंत्राचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या गावातील छोट्या शाळेत झाला. यंत्राचे वजन सुमारे दीड किलो होते. त्यात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, कळफलक धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबराने बंद केलेला होता, उचलायला मूठ होती आणि भर उन्हात पडदा कृष्णधवल होऊन वाचता येत असे. शंभर डॉलरचे उद्दिष्ट साधले नाही. प्रत्यक्षात किंमत जवळपास दुप्पट झाली. तरीही त्याच्या रचनाकारांनी वेग आणि साठवण कमी केली, पण मजबुती कमी केली नाही, हा त्यांचा क्रम योग्य होता. आजच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये तो पुष्कळदा उलटा झालेला आढळतो.

सर्वांत जास्त फसगत साठवणीच्या बाबतीत होते. अगदी स्वस्त आणि हलक्या यंत्रांत ‘ईएमएमसी’ नावाची, स्वस्त मोबाइल फोनमध्ये असते तशी चिप मुख्य फलकावरच डाखलेली असते. ती ‘एसएसडी’पेक्षा, म्हणजे फिरता भाग नसलेल्या वेगवान साठवणीपेक्षा, बरीच संथ असते आणि पुढे काढून बदलता येत नाही. ६४ जीबीच्या अशा यंत्रावर विंडोज व त्याचे अपडेट बसले, की निम्म्याच्या आसपास जागा संपते आणि पुढच्या मोठ्या अपडेटच्या वेळी जागा कमी असल्याचा संदेश येऊ लागतो. रॅमचे, म्हणजे चालू कामे तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीचेही तसेच आहे. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम पुरते, असे मायक्रोसॉफ्ट सांगते. परंतु ऑनलाइन तास, ब्राउझरमधील दहा पाने आणि प्रकल्पाची फाइल एकाच वेळी उघडी असेल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नये. पातळ लॅपटॉपमध्ये रॅमही बहुधा डाखलेली असल्याने ‘नंतर वाढवू’ ही सोय राहत नाही. दोनशे ग्रॅम वाचवण्यासाठी ईएमएमसी आणि ४ जीबी पत्करण्यापेक्षा ते दोनशे ग्रॅम वाहिलेले परवडतात.

बॅटरीच्या बाबतीत ‘दहा तास चालते’ या वाक्याला फारसा अर्थ नसतो, कारण ते तास मंद उजेडात, एखादा व्हिडिओ चालू ठेवून मोजलेले असतात. पाहायचा तो आकडा वॉट-तासांचा, म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या एकूण ऊर्जेचा. बॅटरीच्या लेबलवर ११.४ व्होल्ट आणि ३७०० मिली-अँपिअर-तास असे लिहिलेले असेल, तर ११.४ ला ३.७ ने गुणून सुमारे ४२ वॉट-तास मिळतात. लेखन आणि वाचन करताना यंत्र सरासरी ७ वॉट खात असेल तर ते सहा तास चालेल, आणि वीज जास्त खाणाऱ्या प्रोसेसरवर व पूर्ण उजेडात तेच तीन-चार तासांवर येईल. शाळेचा दिवस निभावण्याजोगी बॅटरी असेल तर चार्जर घरी ठेवता येतो आणि वजनाची खरी बचत तेथेच होते. यूएसबी-सी तोंडातून चार्ज होणारे यंत्र घेतल्यास आणखी एक सोय मिळते: लेबलवर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर, म्हणजेच ६५ वॉट लिहिलेला एकच छोटा चार्जर लॅपटॉपला आणि घरातल्या बहुतेक नव्या फोनांनाही चालतो.

पडदा आणि कळफलक यांची परीक्षा दुकानातच करावी. पडद्याकडे बाजूने पाहिल्यावर रंग फिके किंवा उलटे दिसू लागले तर तो जुन्या ‘टीएन’ प्रकारचा समजावा; ‘आयपीएस’ प्रकारात तसे होत नाही. झाकण एका बोटाने उघडून बिजागरी किती ढिली आहे ते पाहावे आणि कळफलकाच्या मध्यभागी दाबून तो किती खचतो, हेही पाहावे, कारण पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली दबणे त्याच्या नशिबी आहेच. १५.६ इंची यंत्रांत उजवीकडे आकड्यांच्या कळा असल्याने टंकलेखनाचा भाग डावीकडे सरकतो आणि मूल पडद्यासमोर तिरके बसते. १४ इंचीत सहसा तसे होत नाही. मराठी लेखनासाठी वेगळा कळफलक विकत घेण्याची गरज नसते. स्वर डाव्या आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताखाली ठेवणारी ‘इनस्क्रिप्ट’ रचना विंडोज आणि लिनक्स या दोन्हींत मुळातच असते.

क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, कमी साठवणीतही सुरळीत चालतो. परंतु त्याला अपडेट मिळण्याची अखेरची तारीख ठरलेली असते. २०२१ पासून आलेल्या मॉडेलांना दहा वर्षे अपडेट देण्याचे गुगलने जाहीर केले असले, तरी ही वर्षे खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, म्हणून गोदामात पडून राहिलेले मॉडेल सवलतीत मिळत असेल तर त्याची तारीख आधी पाहावी. शिवाय शाळेत एखादे विंडोजचेच सॉफ्टवेअर वापरले जात असेल तर क्रोमबुकचा विचार तेथेच संपतो.

ज्यांचे अंदाजपत्रक तोकडे आहे त्यांनी कार्यालयांतून परत आलेले, दुरुस्त करून विकले जाणारे १४ इंची लॅपटॉप अवश्य पाहावेत. ते थोडे जड असतात, पण त्यांची बिजागरी आणि कळफलक नव्या स्वस्त यंत्रांपेक्षा पुष्कळदा चांगले निघतात. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा असावा, कारण त्याआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा यंत्राच्या बॅटरीचा अहवाल विंडोजमध्ये एका साध्या आज्ञेने काढता येतो; त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, असे दोन्ही आकडे दिसतात. पहिला ४८ आणि दुसरा २९ वॉट-तास निघाला, तर त्या मॉडेलची बॅटरी अजून मिळते का आणि ती बसवून देण्याचे किती पैसे पडतील, हे दुकानदाराला पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि त्याचे उत्तर बिलावर लिहून घ्यावे.