‘सगळ्यात चांगलं कुठलं?’ : सर्व्हरसाठी व्हर्च्युअलायझेशन निवडताना प्रश्न कसा मांडायचा



बिद्री म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना. हंगाम सुरू झाला की मुदाळ तिट्ट्याकडचा रस्ता उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातो. आमच्या या ऊसपट्ट्यातल्या एका संस्थेत माझे मामा संगणक विभाग सांभाळतात. मागच्या सुट्टीत घरी गेलो, तर चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं, “आरं, तू कॉम्प्युटरात पीएचडी करतोयस न्हवं? मग एवढं सांग. नवीन दोन सर्व्हर घ्यायचेत. त्यावर व्हीएमवेअर टाकू, हायपर-व्ही टाकू, का ते फुकटातलं प्रॉक्समॉक्स? सगळ्यात चांगलं कुठलं?”

खरं सांगतो, मला उत्तर देता आलं नाही. याच विषयावरचे पेपर वाचतोय, तरी गप्प बसलो. नंतर लक्षात आलं की अडचण प्रश्नातच होती. माझ्या पहिल्या संशोधन प्रस्तावावर गाईडनी लाल पेनाने हेच लिहिलं होतं: “चांगलं म्हणजे काय? कशासाठी? कशाच्या तुलनेत?” तुम्ही पेट, नेट किंवा पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करत असाल, तर हे तीन प्रश्न तुम्हालाही विचारले जाणारच. म्हणून आज मामांच्या प्रश्नावरच ते सोडवून बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

एक मोठा वाडा आहे, त्यात चार भाडेकरू आहेत. प्रत्येकाला वाटतं, हे आपलं स्वतंत्र घर. पाणी, वीज, जागा कुणाला किती द्यायची, हे मालक ठरवतो. सर्व्हर म्हणजे वाडा, व्हर्च्युअल मशीन म्हणजे भाडेकरू आणि मालक म्हणजे हायपरवायझर.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणलं. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी चांगल्या हायपरवायझरच्या तीन अटी मांडल्या. आतला प्रोग्रॅम खऱ्या मशीनवर वागतो तसाच वागला पाहिजे, साधनांवर ताबा हायपरवायझरचाच राहिला पाहिजे आणि बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवरच चालल्या पाहिजेत. बघा, त्यांनी ‘चांगलं’ या शब्दाची व्याख्या आधी केली.

आपल्या रोजच्या एक्स८६ प्रोसेसरना या अटी पाळता येत नव्हत्या. २००० साली रॉबिन आणि आयर्विन यांनी इंटेल पेंटियमच्या सूचना तपासल्या आणि अडचणीच्या १७ सूचना दाखवून दिल्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अशा सूचना चालता चालता भाषांतरित करण्याची युक्ती काढली. केंब्रिजच्या झेनने २००३ च्या पेपरमध्ये वेगळा मार्ग दाखवला, आतली ऑपरेटिंग सिस्टीमच थोडी बदलायची. मग २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय दिली. त्या सोयीवर उभं राहिलेलं केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० आवृत्तीत आलं. प्रॉक्समॉक्सच्या पोटात हेच केव्हीएम आहे.

वेगाचा सापळा

बहुतेक विद्यार्थी इथेच अडकतात. दोन सॉफ्टवेअर घ्यायची, एक बेंचमार्क चालवायचा, बार चार्ट काढायचा, झाला पेपर! मीही हेच करणार होतो.

तीन गोष्टी वाचल्या आणि थांबलो. पहिली, २००६ चा अ‍ॅडम्स आणि अगेसेन यांचा पेपर. दोघेही व्हीएमवेअरचे. सगळ्यांना वाटत होतं की प्रोसेसरमधली नवी सोय जुन्या भाषांतराच्या युक्तीला मागे टाकणार. त्यांनी मोजलं, तर पहिल्या पिढीतली हार्डवेअरची सोय बऱ्याच कामांत मागे पडत होती. कोण पुढे, हे काम कोणतं यावर ठरत होतं.

दुसरी गोष्ट झेनच्या २००३ च्या पेपरमधली. तिथे व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरचे आकडे नाहीत. कारण लेखकांनीच दिलं आहे, त्या उत्पादनाच्या परवान्यानुसार आकडे प्रसिद्ध करता येत नव्हते. म्हणून तुलना झाली ती व्हीएमवेअर वर्कस्टेशनशी. म्हणजे तक्त्यात एखादं नाव नसेल, तर ते का नाही, हेही वाचायचं.

तिसरी गोष्ट माझी आवडती. २००४ मध्ये अमेरिकेतल्या क्लार्कसन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या प्राध्यापकांनी झेनच्या पेपरमधले प्रयोग स्वतः पुन्हा करून बघितले, शिवाय जुन्या साध्या पीसीवरही चालवले. निष्कर्ष बरेचसे जुळले. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करणं हेही संशोधनच आहे, आणि त्यासाठी महागडी लॅब लागतेच असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या लॅबमध्ये ते होऊ शकतं.

आज परिस्थिती अशी आहे की मामांच्या कामासारख्या, म्हणजे डेटाबेस, हिशेब, रिपोर्ट अशा कामांत, प्रोसेसरच्या वेगामुळे निवड क्वचितच ठरते. फरक पडतो तो डिस्कमध्ये, मेमरीत आणि बिघाडाच्या वेळी.

मग प्रश्न कसा मांडायचा?

मी मामांना उलट विचारलं, “काटा किती वेळ बंद राहिला तर चालतो?”

मामा म्हणाले, “पंधरा मिनटं वहीवर लिहून घेतो. तासभर गेला तर गाड्यांची रांग रस्त्यावर येते.”

“आणि झालेलं वजन हरवलं तर?”

“येक बी हरवायचं न्हाई. शेतकऱ्याच्या उसाचं वजन हाय ते.”

बस्स, यातच दोन मोजता येण्यासारखे निकष मिळाले. सेवा किती वेळात परत आली पाहिजे? पंधरा मिनिटं. किती नोंदी गमावलेल्या चालतील? शून्य. ही गोष्ट नुसती सोयीची नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात, आणि बिलाची सुरुवात होते ती काट्यावरच्या नोंदीपासून. हिशेबाच्या किंवा रिपोर्टच्या मशीनला मात्र हे निकष लागू नाहीत, ते अर्धा दिवस थांबलं तरी चालतं. म्हणजे एकाच सर्व्हरवरच्या चार मशीनसाठी चार वेगळी उत्तरं.

आता हे निकष घेऊन पर्यायांकडे बघू.

१. एक सर्व्हर बंद पडला तर?
समजा दोन सर्व्हर आहेत, प्रत्येकी ६४ जीबी मेमरी. सगळ्या मशीन मिळून ७० जीबी वापरतात. रोज सगळं छान चालेल, पण एक बंद पडला की उरलेल्या एकावर ७० जीबी बसणार नाही. तेव्हा कोणत्या मशीन बंद ठेवायच्या, हे आधीच लिहून ठेवावं लागतं.

दुसरी मेख मतांची. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरला निर्णय घ्यायला बहुमत लागतं. दोन सर्व्हर म्हणजे दोन मतं आणि बहुमतही दोनचंच. एक गेला की दुसरा एकटा बहुमतात नाही, मग बंद पडलेल्या सर्व्हरवरची मशीन तो आपणहून सुरू करणार नाही. हा दोष नव्हे. दोघांनी एकाच वेळी तीच मशीन चालवून डेटाची वाट लावू नये म्हणून हे बंधन आहे. उपाय म्हणजे तिसरं मत, आणि त्यासाठी एखादा छोटा साधा पीसीसुद्धा पुरतो.

२. ‘लिहिलं’ म्हणजे खरंच लिहिलं का?
डेटाबेस म्हणतो, “नोंद डिस्कवर पक्की करा.” केव्हीएमसोबत चालणाऱ्या क्यूईएमयूमध्ये डिस्कच्या कॅशसाठी ‘अनसेफ’ नावाची एक पद्धत आहे. ती ही सूचना चक्क दुर्लक्षित करते. बेंचमार्कमध्ये आकडे झकास येतात, पण लाईट गेली की पक्क्या झालेल्या नोंदीही जाऊ शकतात. नुसता वेग मोजणाऱ्याच्या तक्त्यात हीच पद्धत पहिली येईल! आमच्या निकषात मात्र ती पहिल्याच फेरीत बाद.

३. ‘फुकट’ किती फुकट?
प्रॉक्समॉक्सचा कोड खुला आहे. पण नीट तपासलेले अपडेट ज्या भांडारातून येतात, त्याला वर्गणी लागते. वर्गणीशिवायचं भांडार प्रॉडक्शनसाठी वापरू नका, असं त्यांचेच दस्तऐवज सांगतात. दुसरं म्हणजे आत विंडोज सर्व्हर चालवायचा असेल, तर त्याचं लायसन्स लागतंच, हायपरवायझर कोणताही असो. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये त्या सर्व्हरचे सगळे कोर, किमान १६, लायसन्समध्ये धरावे लागतात आणि त्यात दोन विंडोज मशीन चालवता येतात. तिसरी हवी असेल तर पुन्हा सगळ्या कोरचे पैसे. बिघाडात मशीन दुसऱ्या सर्व्हरवर जाणार असेल, तर त्या सर्व्हरचाही हिशेब आलाच. हायपर-व्ही विंडोज सर्व्हरसोबतच येतं, त्यामुळे आधीच विंडोजवर असलेल्यांना ते स्वस्त पडू शकतं.

४. उद्या धोरण बदललं तर?
ब्रॉडकॉमने व्हीएमवेअरची खरेदी नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण केली. डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकट मिळणारं ईएसएक्सआय बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये ते पुन्हा मिळू लागलं. सॉफ्टवेअर तेच, गणित मात्र दीड वर्षात दोनदा बदललं. म्हणून बाहेर पडायला किती वेळ आणि किती खर्च लागेल, हाही निवडीचा निकष आहे. त्याचं माप सोपं आहे, एक मशीन दुसऱ्या हायपरवायझरवर नेऊन बघायची आणि तास मोजायचे.

५. अपडेट कोण करणार?
फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय सर्व्हरवर जगभर खंडणीखोर हल्ला झाला. जी त्रुटी वापरली गेल्याचं सांगितलं गेलं, तिच्यावरचा उपाय फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. दोन वर्षं अनेकांनी तो लावलाच नव्हता. एक हायपरवायझर पडला की त्यावरच्या सगळ्या मशीन एकदम पडतात, म्हणून इथला आळस महागात पडतो.

प्रयोग कसा केला

मामांकडच्या एका जुन्या मशीनवर आम्ही छोटी चाचणी लावली. काट्यासारख्या नोंदी, प्रत्येकीला क्रमांक, एकामागून एक डेटाबेसमध्ये जातात. दुसऱ्या लॅपटॉपवर ‘पक्की झाली’ असं उत्तर आलेला शेवटचा क्रमांक लिहिला जातो. मग सरळ होस्टची वायर उपटायची. मशीन परत सुरू झाल्यावर शेवटचा क्रमांक जुळतो का ते बघायचं, आणि काम सुरू व्हायला किती मिनिटं लागली तेही. हे एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करायचं.

यात दोन काळज्या घ्या. वेळ व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या घड्याळावर मोजू नका, ते मागेपुढे होऊ शकतं. बाहेरच्या मशीनवरून मोजा. आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असेल तर डिस्कबरोबर तोही जातो. बॅकअप दुसरीकडे ठेवा आणि तो उघडून, चालवून बघा. परत न आणलेला बॅकअप म्हणजे न तपासलेलं गृहीतक.

‘अनसेफ’ ठेवून वायर उपटली तेव्हा पक्क्या म्हणून मोजलेल्या नोंदी गायब झाल्या. मामांनी पडद्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, “म्हंजे हे शेतकऱ्याचं वजन गेलं की.” माझ्या कुठल्याही बार चार्टने हे इतकं स्पष्ट सांगितलं नसतं.

शेवटी काय ठरलं?

तिन्ही पर्याय नीट मांडले तर मामांचे दोन्ही निकष पुरे करू शकत होते. मग निर्णय कशावर झाला? रात्री दोन वाजता बिघाड झाला तर हात कोण लावणार, यावर. मामांच्या हाताखालच्या मुलाला लिनक्स येतं, म्हणून त्यांनी वर्गणी भरून प्रॉक्समॉक्स घ्यायचं ठरवलं, तिसऱ्या मतासाठी एक जुना पीसी लावला आणि बदल पावसाळ्यात, कारखाने बंद असताना करायचं ठरवलं. त्या मुलाला विंडोज येत असतं, तर हायपर-व्ही हेच बरोबर उत्तर झालं असतं. तेही तितकंच शास्त्रीय असतं.

तुमच्यासाठी एक अभ्यास. जवळच्या एखाद्या पतसंस्थेत, दूध संस्थेत किंवा कॉलेजच्या ऑफिसात जा आणि विचारा, “तुमचं काम किती वेळ थांबलं तर चालेल, आणि काय हरवलं तर अजिबात चालणार नाही?” मिळालेल्या उत्तरावरून एका वाक्यात संशोधन प्रश्न लिहा. त्यात ‘सर्वोत्तम’ हा शब्द येता कामा नये. मापाचं एकक मात्र आलंच पाहिजे.

पुढच्या लेखात याच चाचणीचे आकडे किती वेळा घ्यायचे आणि सरासरी कधी फसवते, ते बघू.