रजतनगरीतलं चंदेरी तण

आमच्या खामगावला लोक रजतनगरी म्हणतात. समया, ताटं, देव्हारे घ्यायला दुरून गिऱ्हाईक येतं आणि आधी टंच विचारतं. मी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी नजर जाते ती गावाबाहेर, जलंबच्या वाटेवरच्या सोयाबीनमध्ये माजलेल्या कुरडूवर. लिनियसने १७५३ साली त्याचं नाव नोंदवलं, सेलोसिया अर्जेंटिया. तुरा जवळून बघा. शेंड्याला गुलाबी, पण खालची जुनी फुलं पांढरी पडत जातात, कोरडी, कागदी, उन्हात चकाकणारी. बोटांत चुरडलं की काळंभोर तुकतुकीत बी हातात येतं.

अर्जेंटिया म्हणजे चंदेरी. मूळ लॅटिन विशेषण अर्जेंटियस. आपल्या पांढरा-पांढरी-पांढरंसारखं तेही लिंगाप्रमाणे बदलतं. सेलोसिया स्त्रीलिंगी, म्हणून अर्जेंटिया. पापलेट मात्र पॅम्पस अर्जेंटियस. २०२३ साली तो महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. केपटाऊनच्या डोंगरावरचं रुपेरी पानांचं झाड नपुंसकलिंगी, ल्यूकाडेंड्रॉन अर्जेंटियम. यांतल्या एकातही गुंजभर चांदी नाही. शास्त्रज्ञांनी नुसती झाक पाहून बारसं उरकलं!

रोमन माणूस हा शब्द खऱ्या धातूलाही लावायचा. चांदीचा प्याला अर्जेंटियस, आणि सम्राट डायोक्लेशनने इ. स. २९४च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या नाण्यालाही आज अर्जेंटियसच म्हणतात. वरून चांदी मढवली असेल तर विशेषण निराळं, अर्जेंटेटस. आमच्या सराफ्यात हा भेद कुणाला समजावावा लागणार नाही. भरीव कोणतं आणि लाकडावर पत्रा चढवलेलं कोणतं, यावरच तर भाव ठरतो.

चांदीचं रासायनिक चिन्ह एजी, तेही अर्जेंटम या नामावरून. मला खरी गंमत वाटते ती पुढची. अर्जेंटम आणि संस्कृत रजत हे एकाच प्राचीन मुळातून फुटलेले शब्द; शुभ्र, झळाळणारं असा त्या मुळाचा अर्थ. अर्जुनही त्याच घरातला. अर्जुनाच्या झाडाची पांढुरकी साल पाहिली की पटतं. म्हणजे खामगावचं बिरुद आणि बांधावरच्या तणाचं आडनाव, दोन्ही भाऊबंदच.

शेतकऱ्याला याचं कौतुक नाही, नसावंच. पण तुरा येण्याआधी कोवळी पानं खुडून कांदा, लसूण, हिरवी मिरची घालून भाजी करून बघा. एकदा तुरे धरले की पानं चरबट होतात. मग बी गळायच्या आत उपटलेलं बरं, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात निंदण दुप्पट.