कचरा प्रक्रिया केंद्र, विद्यापीठ परिसरातील

विद्यापीठे, महाविद्यालये व त्यांची वसतिगृहे यांच्या आवारात निर्माण होणाऱ्या कचऱ्यावर, मुख्यत्वे त्यातील कुजणाऱ्या भागावर, त्याच जागी प्रक्रिया करून जैव वायू व खत मिळविणारी यंत्रणा. तिची तांत्रिक शक्यता फार पूर्वीच सिद्ध झाली आहे. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळविण्याचे संयंत्र उभारण्यात आले होते. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘निसर्गऋण’ हे संयंत्र विकसित झाले. त्यात ओल्या कचऱ्याचा लगदा करून त्याचे प्रथम गरम पाण्याच्या साहाय्याने हवेच्या सान्निध्यात व नंतर हवेवाचून अपघटन करतात. त्यामुळे खाणावळीतील उष्टे व भाज्यांचे देठ यांची विल्हेवाट सुकर झाली. घन कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अन्वये पाच हजार चौ. मी.हून अधिक क्षेत्राच्या संस्थांवर कुजणारा कचरा शक्य तेथवर आवारातच जिरविण्याची जबाबदारी टाकण्यात आली. तेव्हापासून अशा केंद्राच्या आर्थिक व्यवहार्यतेचा प्रश्न पुढे आला.

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पेठ वडगावचा परिसर या प्रश्नाचा विचार करण्यास सोयीचा आहे. ऊस, दूध व बाजारपेठ यांवर जगणाऱ्या या भागात वाठार तर्फ वडगाव येथे अभियांत्रिकी महाविद्यालय, तर तालुक्यातच अतिग्रे येथे संजय घोडावत विद्यापीठ आहे. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (स्था. १९६२) येथून सु. २० किमी. वर असून त्याचे आवार सु. ३४५ हेक्टर आहे. एवढ्या विस्तीर्ण आवारात पालापाचोळा विपुल असतो. परंतु वायूच्या दृष्टीने महत्त्व वसतिगृहांच्या भोजनगृहांतील ओल्या कचऱ्याला असते.

जमाखर्चाचे स्वरूप एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. वसतिगृहांत २,५०० विद्यार्थी असून दरडोई २०० ग्रॅम ओला कचरा निघतो, असे मानल्यास रोज ५०० किग्रॅ. कचरा जमेल. एक किग्रॅ. खाद्य कचऱ्यापासून ८० ते १०० लिटर वायू मिळतो असे धरल्यास एकूण ४० ते ५० घ. मी. वायू होईल. एक घ. मी. वायू उष्णतेच्या दृष्टीने सु. ०·४५ किग्रॅ. द्रवरूप खनिज वायूच्या तोडीचा असल्याने ही प्राप्ती १९ किग्रॅ.च्या व्यापारी सिलिंडरएवढी, म्हणजे दिवसास सु. एक, ठरते. सिलिंडरची किंमत १,७०० रु. व वसतिगृहे भरलेली असण्याचे दिवस २३० मानल्यास वार्षिक बचत ३ लाख ९१ हजार रु. होते. दोन कामगारांचे दरमहा प्रत्येकी १३,००० रु. प्रमाणे वेतन ३ लाख १२ हजार आणि वीज व दुरुस्ती यांचे ८० हजार धरले, तर बचत तेथेच संपते. पंचवीस लाखांच्या संयंत्राचा पंधरा वर्षांत फिटणारा घसारा (वर्षाला सु. १ लाख ६७ हजार) भरून निघतो तो वर्षातील ११५ टन कचरा वाहून नेण्याच्या वाचलेल्या खर्चातून, दर टनास १,५०० रु. प्रमाणे तो १ लाख ७२ हजार येतो. भांडवलावरील व्याजास काहीच उरत नाही.

कचरा दुप्पट झाला की चित्र पालटते. कामगार दोनाचे तीन होतात, चार नव्हे. संयंत्राची किंमतही दुप्पट न होता, समजा, चाळीस लाखांपर्यंत जाते. वायूची बचत ७ लाख ८२ हजार, आवर्ती खर्च ५ लाख ८८ हजार (वेतन ४ लाख ६८ हजार व इतर १ लाख २० हजार) आणि वाहतुकीची बचत ३ लाख ४५ हजार धरता दरसाल ५ लाख ३९ हजार शिल्लक राहतात व भांडवल साडेसात वर्षांत परत येते.

वायूची वीज करण्याचा मोह टाळावयास हवा. एक घ. मी. वायूपासून दीड ते दोन एकक वीज मिळते. म्हणजे वरील ४५ घ. मी.पासून ७० ते ९० एकके. दहा रु. दराने त्यांचे मोल सिलिंडरच्या निम्म्याच्या आसपास राहते आणि जनित्राचा खर्च वेगळाच. त्यामुळे केंद्र भोजनगृहाजवळ असणे हेच अधिक किफायतशीर होय.

खतविक्रीवर आराखड्यांत फार भिस्त ठेवलेली आढळते. या तालुक्यात ती फसवी आहे. साखर कारखान्यांचे प्रेसमड, घरोघरचे शेणखत व शेतात कुजविलेले उसाचे पाचट उपलब्ध असता विद्यापीठाच्या खतास बाहेर चांगला भाव मिळणे कठीण. आवारातील बागांसाठी विकत घ्यावे न लागलेले खत एवढेच त्याचे मोल मानावे. विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या प्रात्यक्षिकाचे मोल पैशांत मांडून ताळेबंद जुळविणेही योग्य नव्हे.

सर्वांत नाजूक बाब सुट्यांची. मे महिन्यात वसतिगृहे रिकामी होतात, पण पाचक टाकीतील जीवाणूंना खाद्य लागतेच. ते न मिळाल्यास वायूनिर्मिती मंदावते व पुन्हा सुरळीत होण्यास काही आठवडे जातात. शेण मुबलक असलेल्या या भागात ते घालून टाकी जिवंत ठेवता येते. अधिक चांगला उपाय म्हणजे नगरपरिषदेशी करार करून पेठ वडगावच्या बाजारातील भाजीपाल्याचा टाकाऊ माल घेणे. त्यामुळे सुट्यांतील खंड भरून निघतो, कचरा दुप्पट करण्याची वर सांगितलेली अट साधते व प्रक्रियाशुल्कही आकारता येते. मात्र प्लॅस्टिकच्या पिशव्या मिसळलेला माल आल्यास दळणयंत्र बंद पडते व निवडकाम करणाऱ्यांचे वेतन वाढते. करारात वर्गीकरणाची अट व ती मोडल्यास गाडी परत पाठविण्याचा अधिकार असावा लागतो. खर्चाचा अंदाज करण्यापूर्वी भोजनगृहांतील व बाजारातील कचरा एक पूर्ण शैक्षणिक वर्षभर, परीक्षांचे व सुट्यांचे दिवस धरून, रोज तोलून नोंदवितात.